सेलिन टीचरचा कीबोर्ड

सेलिन टीचर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायच्या. ओळीखाली बोट धरून, वर्गाला धडा वाचून दाखवावा तशा. वाचून झालं की हात मांडीवर ठेवायच्या आणि खोलीत जे कोणी असेल त्याच्याकडे वळून विचारायच्या, "समजलं?" खोलीत बहुतेक वेळा मी आणि आमचे हे एवढेच असायचो. मला समजायचं नाही आणि ह्यांना बोलता यायचं नाही. त्यामुळे एकेक ओळ पुढे सरकायला पुष्कळ वेळ लागायचा. त्या रागवायच्या नाहीत. "न समजता होय म्हटलं की मशीन खूश होतं आणि माणूस फसतो," असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या.

नंदाखालला त्यांची लहानशी वाडी होती. थोडी केळी, थोडे नारळ, विहिरीच्या कडेला अळू. शाळेतून रिटायर झाल्यावर त्या एकट्याच तिथे राहायच्या. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा कॅनडात. मी सकाळच्या बसने जाऊन त्यांच्याकडून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून पालेभाजी आणायची आणि चंदनसारला आमच्या भागातल्या बिल्डिंगांत विकायची. आमचं बोलणं भाजीपुरतं. मी मुळातच कमी बोलते. त्यांना ते माहीत होतं, म्हणून त्या माझ्या वाटचंही बोलायच्या.

आमचे हे टेम्पो चालवायचे. एके दिवशी जेवता जेवता त्यांच्या हातातला घास खाली पडला. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, जीभ वळत नाही एवढंच. "एवढंच" हा शब्द त्यांनी कसा वापरला कोण जाणे. डावा हात हलायचा, पण थरथरायचा. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, सगळं माझ्यावर आलं आणि माझं नंदाखालला जाणं बंद झालं.

मी येत नाही म्हणून टीचर मला शोधत आल्या. भाजीवाली सुनंदा कुठे राहते, असं विचारत विचारत. लिफ्ट बंद होती, तिसरा मजला चढून आल्या आणि दारातल्या स्टुलावर बसून कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. मी पाणी दिलं. ते पिऊन त्या माझ्याशी न बोलता सरळ ह्यांच्या खाटेशी गेल्या.

"वसंतराव, मी सेलिन. तुमची बायको माझ्या वाडीतलं कोवळं अळू निवडून नेते आणि जून पानं मला ठेवते. तुम्ही खाल्लेलं सगळं अळू माझं."

ह्यांच्या तोंडातून एक आवाज आला. आजारी पडल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. ते हसले होते.

त्या बसलेल्या असतानाच माझ्या दिरांचा, प्रकाशभाऊजींचा, गावाहून फोन आला. ते आठवड्यातून दोनतीनदा करायचे. मी फोन ह्यांच्या कानाशी धरायची आणि आवाज मोठा ठेवायची.

"दादा, बरं वाटतंय ना? गावची हवा चांगली ना? इथे चार माणसं आहेत ना आपली? मग येणार ना कायमचं?"

प्रत्येक "ना"ला ह्यांची मान हलायची. भाऊजी विचारायचे, "वहिनी, काय म्हणतो?" मी म्हणायची, "मान हलवली." भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. त्यांना भावाची काळजी होती. आम्हाला गावी न्यावं आणि इथली जागा भाड्याने द्यावी, असं त्यांनी ठरवलं होतं. दादा तयार आहे, असं ते सगळ्यांना सांगतही होते.

फोन ठेवल्यावर टीचरांनी ह्यांना विचारलं, "वसंतराव, आज बुधवार ना?"

मान हलली.

"आज रविवार ना?"

मान हलली.

टीचर माझ्याकडे वळल्या. "हे होय म्हणत नाहीत गं. हे कंटाळलेत."

मीही रोज तसंच विचारत होते. भात देऊ ना? झोपता ना? बाहेरून येणारा प्रत्येक प्रश्न उत्तर आपल्याबरोबरच घेऊन यायचा आणि ह्यांनी मान हलवून तो दारातूनच परत पाठवायचा. त्यांच्या मनात आपणहून काही आलं, तर ते बाहेर यायला वाटच नव्हती.

"ते झाकून काय ठेवलंय?" टीचरांनी विचारलं.

कोपऱ्यात टेबलक्लॉथखाली कॉम्प्युटर होता. भाऊजींचा मुलगा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायचा तेव्हा ह्यांनी त्याला जुना घेऊन दिला होता. तो पुण्याला नोकरीला गेला, मशीन इथेच राहिलं. मी त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवायची. टीचरांनी चालू करून पाहिला. पंखा घरघरला आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. पुतण्याला फोन केला, तर त्याला पासवर्ड आठवत नव्हता. "काकू, भंगारात द्या ना तो," एवढंच म्हणाला.

"भंगारात कशाला?" टीचर म्हणाल्या. "आत नवी सिस्टिम टाकू. लिनक्स. तिला पासवर्ड आपणच देऊ. मग वसंतराव बोटाने लिहितील आणि मशीन वाचून दाखवेल."

मी हळूच विचारलं की मोबाइलवर होणार नाही का. त्यांनी ह्यांच्या हातात माझा मोबाइल दिला. बोट थरथरून एकाच वेळी तीन अक्षरांवर पडत होतं. "काचेला धक्का लागला तरी ती ऐकते," टीचर म्हणाल्या. "ह्यांना दाबल्याशिवाय न ऐकणारी कळ पाहिजे."

दोनतीन दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा पेनड्राइव्ह त्यांनी रुमालात गुंडाळून पदराला सेफ्टी पिनने अडकवलेला होता. हे त्या कुठे शिकल्या, असं मी विचारलं. मुलाने फोनवरून शिकवायला सुरुवात केली होती. "अर्ध्यात त्याला कंटाळा आला. त्याचं तरी काय, तिकडे त्याची रात्र असते. मग मी एकटीच चुकत चुकत शिकले. चुकलं तर मशीन बंद पडतं. जीव जात नाही."

नवी सिस्टिम आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, मशीनमध्ये काही न बदलता. टीचर ह्यांना म्हणाल्या, "आज पाहुणी म्हणून बसवते. पटली तर ठेवून घेऊ." पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं भराभर धावली आणि निळसर चित्र आलं. खालच्या कोपऱ्यात मराठीत लिहिलेलं होतं. मी चौथी शिकलेली, पण ते मला वाचता आलं. कॉम्प्युटरवरचं काही मला वाचता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग ती कायमची बसवण्याची वेळ आली. टीचरांनी बोट धरून वाचलं, "या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल." हात मांडीवर ठेवला आणि ह्यांच्याकडे वळल्या. "वसंतराव, सगळं म्हणजे सगळं. यात तुमचं काही आहे का?"

ह्यांची मान लगेच हलली नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. टीचर थांबल्या होत्या. कुकरची शिट्टी झाली तरी मी उठले नाही. मग ह्यांनी मान आडवी हलवली. नाही. आजारपणात पहिल्यांदा मी त्यांचं "नाही" पाहिलं.

सिस्टिम बसली, पण काम झालं असं नाही. आवाजच येईना. स्पीकरची वायर उंदराने कुरतडली होती. टीचरांनी त्यांच्या घरचा स्पीकर आणला. मग मराठी वाचणारा आवाज नेटवरून उतरवायचा होता आणि माझ्या मोबाइलचं नेट अर्ध्यात संपायचं. त्या हताश होऊन बसायच्या. गुडघे चोळायच्या. वाडी, घर, संध्याकाळी चर्चमधला मिस्सा आणि वर स्टेशन ओलांडून आमच्याकडे येणं. एकदा मी म्हटलं, "टीचर, राहू दे. तुम्ही दमता." त्या म्हणाल्या, "दमते गं. पण घरी बसून जास्त दमते."

शेवटी आवाज आला. पुरुषाचा, सपाट, नाकातला, रेल्वे स्टेशनवर कोणी बाहेरगावचा माणूस मराठी घोषणा वाचतोय असा. टीचर म्हणाल्या, "मेला पडसं झाल्यासारखा बोलतो. चालेल. आपल्याला त्याच्याशी लग्न लावायचं नाही."

खरी अडचण कीबोर्डची होती. मराठी अक्षरं त्यावर कुठेही विखुरलेली असतात. ह्यांचं बोट एकेक अक्षर शोधत फिरायचं, थकायचं, खाली पडायचं. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण अक्षरं त्यांना शाळेत शिकल्या ओळीनेच आठवायची. टीचर दोनतीन वेळा नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "चूक ह्यांची नाही. क नंतर ख येतो, हे मीच आयुष्यभर पोरांना शिकवलं. तसाच कीबोर्ड करू."

"असं करता येतं?" मी विचारलं.

"लिनक्समध्ये कळ कुठे काय बोलणार, हे एका फाइलीत लिहिलेलं असतं. ते बदलता येतं. मला अजून येत नाही. बघते."

त्यांना ते यायला बराच काळ गेला. घरून करून आणायच्या, इथे लावायच्या, काहीतरी बिघडायचं, परत जायच्या. शेवटी एका दुपारी वरच्या ओळीपासून क ख ग घ, च छ ज झ असा सगळा वर्ग ओळीने बसला. अंकांच्या जागी काना, मात्रा, वेलांट्या. ङ आणि ञ काढून टाकले होते. "हे दोघं कधी कामाला येत नाहीत. बसू दे घरी." एका हाताने दोन कळा दाबता येत नाहीत, म्हणून शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी चालेल अशी सोय केली होती. शाळेच्या जुन्या तक्त्यातली अक्षरं कापून आम्ही दोघींनी ती कळांवर चिकटवली. वरून चिकटपट्टी लावली. कीबोर्ड बालवाडीतला दिसायला लागला.

ह्यांनी डाव्या हाताचं एक बोट काढलं. आम्ही दोघी मागे उभ्या. टीचरांनी तर क्रुसाची खूणही केली. पुष्कळ वेळाने मशीन बोललं.

"पंखा."

पंखा चालू नव्हता. मी चालू केला. आणि मग मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडायला येत होतं आणि लोकांसमोर रडायची मला लाज वाटते. बाहेर टीचर ह्यांना सांगत होत्या, "वसंतराव, मी वेलांट्या बसवायला डोळे फोडले. एखादी वापरा तरी."

इतकं झाल्यावर घरात आनंदीआनंद झाला, असं नाही. बोलता यायला लागल्यावर ह्यांनी इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं मागायला सुरुवात केली. "उशी." "माशी." "टीव्ही बंद." "भात कच्चा." मी मोरीत असले तरी तो नाकातला आवाज यायचा. आधी ह्यांचं करताना मी निदान माझ्या मनाने करत होते. आता हुकूम यायला लागले. मी टीचरांना एकदा म्हटलं, "हा मेला गप्प होता तेच बरं होतं." टीचर इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. "नवरा परत आला तुझा," म्हणाल्या.

आणि एवढं सगळं बोलून गावी जाण्याबद्दल ह्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. काय उत्तर येईल, याची मला भीती वाटायची.

मग भाऊजींचा फोन आला की रविवारी येतो, गाडी ठरवायचं बघू. मी टीचरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते. त्यांच्यासमोर वसंतराव बोलू देत. मग जे ठरेल ते ठरेल." शनिवारी दुपारी त्या मुद्दाम येऊन सगळं तपासून गेल्या. पाहुणे येणार म्हणून मी घर झाडत होते, जाळी काढत होते. मला बघून त्या म्हणाल्या, "मीही झाडून घेते." मशीन बरेच दिवस नव्या सुधारणा घे म्हणून मागे लागलं होतं. माझं नेट नीट चालत होतं. त्यांनी सगळ्या सुधारणा घेतल्या, मशीन बंद केलं, कपड्याने पुसलं आणि कीबोर्डवर रुमाल घातला.

रविवारी मिस्सा आटोपून त्या आल्या तेव्हा भाऊजी येऊन बसले होते. मी चहा केला. ह्यांना उशा लावून टेबलापाशी बसवलं. भाऊजींनी कीबोर्डकडे पाहिलं आणि ते मोकळेपणाने हसले. "दादा, पुन्हा बालवाडीत का?" मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "बोल. गावी येणार ना?"

ह्यांनी लिहायला घेतलं. नेहमीसारखंच, एकेक अक्षर शोधून, दाबून. पडद्यावरची अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसत आणि चष्मा उजव्या बाजूने घसरायचा म्हणून ते घालत नसत. ते कळांकडेच बघायचे आणि कानाने ऐकायचे. मशीन बोललं. पण शब्द नव्हता. नुसती तुटकी अक्षरं, तोंडात खडे धरून कोणी बोलावं तशी.

ह्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अर्ध्यातच त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मला वाटतच होतं. दादाला आता समजत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ते ह्यांनी ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बघवलं नाही. ह्यांना सगळं समजतं, काल ह्यांनीच मला भात कच्चा आहे म्हणून सांगितलं, असं मला ओरडून सांगायचं होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. जीभ धड असून.

टीचर कोपऱ्यातून उठल्या. "प्रकाशराव, जरा थांबा. आधी मशीनची परीक्षा घेऊ, मग माणसाची."

त्यांनी स्वतः क दाबला. मशीन दुसरंच काही बोललं. ख दाबला. दुसरंच. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या पडद्याजवळ वाकल्या, काहीतरी उघडलं, वाचलं, आणि या वेळी त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. मग सरळ झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चूक माझी आहे. काल मी सुधारणा घेतल्या. त्यांनी माझी फाइल पुसून मूळची आणून बसवली. कळांवर क ख ग आहे आणि आत सगळं जुनं आहे. वसंतरावांनी बरोबर लिहिलं. मीच त्यांचं तोंड वाकडं केलं." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "माफ करा हं. घर झाडताना मी तुमचीच वस्तू फेकली."

त्यांची फाइल पदराच्या पेनड्राइव्हवर होती. पिन निघता निघेना. मी काढून दिली. भाऊजी घड्याळ बघत होते, पण बसले. टीचरांनी फाइल जागेवर ठेवली, मशीन बंद केलं, चालू केलं. क दाबला. मशीन म्हणालं, "क." मग त्यांनी भाऊजींना बोलावलं. "तुम्ही दाबा. तुमची खात्री होऊ दे." भाऊजींनी अवघडून घ दाबला, मग म दाबला. दोन्ही बरोबर आले.

"आता पुन्हा विचारा," टीचर म्हणाल्या. "पण 'ना' न लावता."

भाऊजींनी खाकरून विचारलं, "दादा, तुला कुठे राहायचंय?"

ह्यांनी हात उचलला. भाऊजींना इतकं थांबायची सवय नव्हती. ते मध्येच पुढे वाकायचे, मग टीचरांकडे बघून मागे टेकायचे. ह्यांचं बोट क वर गेलं, तिथून र वर, त वर, मग मात्रा शोधत अंकांच्या ओळीत. मला वाटलं ते "इथे" लिहितील. कधी वाटलं "गावी" लिहितील. दोन्हीची मला सारखीच भीती वाटत होती.

मशीन बोललं, "करते ती. तिला विचार."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर मी चहा घ्या, जेवायला बसा, यापलीकडे बोलले नव्हते. मी टीचरांकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. माझ्या वाटचं बोलणारी ती बाई त्या वेळी एक अक्षर बोलली नाही.

मी म्हटलं, "मला इथे राहायचंय." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "गावी माणसं आहेत, पण तिथे मी आजाऱ्याची बायको. इथे मला भाजीवाली सुनंदा म्हणून लोक ओळखतात. मला परत नंदाखालला जायचंय. पण भाऊजी, मी दमलेय. एकटीने होत नाही मला. हे मी कोणाला बोलले नाही."

भाऊजी म्हणाले, "मग आधी का नाही बोललात, वहिनी?"

त्यांनी बशीतला गार झालेला चहा पिऊन टाकला. उठताना म्हणाले, "मी येत जाईन. दर पंधरवड्याला दोन दिवस. तेव्हा तुम्ही तुमच्या वाड्या करा." आणि ते खरंच येतात. दोघं भाऊ गावच्या बांधावरून भांडतात. ह्यांचं उत्तर यायला इतका वेळ लागतो की भाऊजींचा राग तोपर्यंत निवलेला असतो.

मी पुन्हा नंदाखालला जायला लागले. पण टीचरांची वाडी आता मोडत चालली होती. केळीचे घड लागले तरी कापायला माणूस मिळत नव्हता. त्यांना पंप चालू करायला विहिरीपर्यंत जाववत नव्हतं. एकदा त्या विहिरीपाशी पडल्या आणि बऱ्याच वेळाने शेजारच्यांनी पाहिलं. मुलगा कॅनडाहून आला. चांगला मुलगा. त्याने वाडी चुलतभावाकडे सोपवली, आईचे कागद केले, तिकीट काढलं. टीचर त्याच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या. ती मला निम्मीशिम्मी कळायची. पण त्या फार बोलतच नव्हत्या.

जायच्या आधी त्या आमच्याकडे आल्या, मुलगा गाडीत खाली थांबला. त्या मला म्हणाल्या, "फाइल पुन्हा पुसली गेली तर मी नसेन. आज तू कर." मी म्हटलं, मला नाही जमणार, ते इंग्रजी आहे. "अक्षरं ओळखायची नाहीत. चित्र समजून काढायची. तुला रांगोळी येते ना?" त्यांनी त्यांची फाइल मुद्दाम काढून टाकली, पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मी चुकले. त्या म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा चुकले. "मशीनला लाज नसते. पुन्हा." ह्यांनी खाटेवरून सगळं पाहिलं. शेवटी क दाबल्यावर क आला.

टीचर खुर्चीत बसल्या. थकल्या होत्या. त्यांचे पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा रुतला होता. मी खाली बसून पट्टा सैल केला. आणि तशीच खाली बसलेली असताना मी विचारलं, "टीचर, तुम्हाला जायचंय का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हे त्यांना अजून कोणीच विचारलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघून आवाज उतरवून म्हणाल्या, "लेकाला सांगू नकोस हं. त्याने तिकडे माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. पिवळी. मला पिवळा आवडतो, हे त्याला लहानपणापासून लक्षात आहे."

खालून हॉर्न वाजला. त्या उठल्या. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांच्या चर्चमध्ये करतात तसा, आशीर्वाद द्यावा तसा. मी त्यांना धरून जिना उतरवला. मुलाने दार उघडलं, त्यांचा पदर गाडीत नीट घेतला, सीटचा पट्टा लावला. गाडी वळली तेव्हा त्या पुढे बघत होत्या.

मी वर आले. ह्यांनी माझी वाट बघतच लिहून ठेवलं होतं. मी आत आल्याबरोबर शेवटची कळ दाबली आणि मशीन बोललं, "त्यांना जायचं होतं?"

त्यांनी लेकाला सांगू नको म्हटलं होतं. ह्यांना सांगायला हरकत नव्हती. मी म्हटलं, "नाही."

ह्यांचं बोट बराच वेळ कळांवर नुसतंच फिरत राहिलं. मग त्यांनी दोन अक्षरं लिहिली आणि त्या पडसं झालेल्या आवाजाने, काहीच चढउतार न करता, मला विचारलं, "मग?"

मी त्यांच्या समोर बसले. ते उत्तराची वाट बघत होते. मी त्यांना त्या पिवळ्या खोलीचं सांगायला लागले.